बुद्धिबळाचा फुकटचा मास्तर



नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पी यांना हरवून महिला विश्वचषक जिंकला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. नाशिकचा विदित गुजराथी तर आपल्या शेजारचाच. साहजिकच आपल्या नंदुरबार, शहादा, नवापूरकडची पोरेही पटावर बसू लागली आहेत. मग आईबाप विचारतात, डाव तपासणाऱ्या इंजिनाला किती हजार लागतील?

आमचे उत्तर सरळ आहे. एक रुपयाही लागत नाही.

१९९७ साली कास्पारोव्हला हरवायला आयबीएम कंपनीला 'डीप ब्लू' हा महासंगणक लागला. आज साध्या मोबाईलवरचे 'स्टॉकफिश' कोणत्याही माणसापेक्षा बलवान आहे. ते २००८ पासून सर्वांना मोफत आहे. विकतची सॉफ्टवेअरे वाईट नाहीत, त्यांत जुन्या डावांचा मोठा साठा मिळतो. पण शिकाऊ मुलासाठी कर्ज काढून ती घेऊ नयेत.

अँड्रॉइड फोन असेल तर 'ड्रॉइडफिश' घ्यावे. स्टॉकफिश त्यातच येते. एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज नसली तरी काम अडत नाही. नेट असेल तर 'लिचेस'वरही तपासणी फुकट होते.

संगणकावर मात्र दोन वस्तू लागतात. इंजिनाला स्वतःचा पट नसतो, म्हणून 'अरेना'सारखा मोफत पट घेऊन त्यात स्टॉकफिश जोडावे. संगणक जुना असल्यास जुन्या प्रोसेसरची फाईल निवडावी, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही. 'थ्रेड्स' संगणकाच्या कोअरपेक्षा एक कमी ठेवावेत. चार जीबी मेमरी असेल तर 'हॅश' २५६ पुरे. 'मल्टीपीव्ही' तीन ठेवले की तीन चांगल्या खेळ्या शेजारी-शेजारी दिसतात.

आता महत्त्वाचे. पडताळा पाहण्याआधी हिशेब स्वतः मांडावा लागतो. मुलाने डाव वहीत लिहावा, कुठे चुकले असे वाटते तिथे खूण करावी आणि मगच इंजिन लावावे. इंजिन अधिक दोन दाखवते, म्हणजे ढोबळमानाने पांढरा दोन प्याद्यांइतका पुढे आहे. पण का पुढे आहे, हे इंजिन सांगत नाही. ते मुलाने शोधायचे असते. नुसते आकडे बघणारा पोरगा खेळ शिकत नाही, आकडेच शिकतो.

आणि एक ताकीद द्यावी. स्पर्धेत डाव चालू असताना अंगावर फोन सापडला तर डाव जातो. इंजिनाची मदत घेतल्याचे सिद्ध झाले तर बंदी येते आणि मेहनतीने मिळवलेले नावही जाते.

पालकहो, वाचलेले पैसे स्पर्धेच्या प्रवेश फीसाठी आणि एस.टी.च्या भाड्यासाठी ठेवा. पोरांना खरी गरज त्याचीच आहे.