अंदाजाचा आकडा आणि रोखीचा भाव

जुनी मोटार कोटीला गेली, जुने चित्र शंभर कोटींना गेले, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. दुकानात कापड घ्यायला आलेले लोकही त्या चवीने सांगतात आणि मग हळूच विचारतात, ‘‘सेठ, घरी अब्बांची जुनी फियाट उभी आहे, तिचे किती येतील?’’ आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारींचे जाणकार नव्हे. ‘अंदाज’ हा शब्द आम्ही उर्दू शाळेत शिकलो आणि ‘भाव’ म्हणजे काय ते गल्ल्यावर बसून शिकलो. या दोन शब्दांत किती अंतर आहे, ते इटलीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात जसे स्पष्ट दिसते तसे दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून हा विषय व्यापारी बंधूंपुढे मांडत आहोत.

फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाच्या शर्यतीच्या अवघ्या ३६ गाड्या बनविल्या. अमेरिकेत तेव्हा तिची किंमत १८ हजार डॉलर होती. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात अशी एक गाडी लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपयांना गेली. लिलावात मोटारीला तोपर्यंत एवढी किंमत कधी आली नव्हती. वर्तमानपत्रांनी एवढेच छापले.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब पाहा. लिलाव कंपनीचा अंदाज होता साडेचार ते सहा कोटी डॉलर. हातोडा पडला ४ कोटी ४० लाखांवर. म्हणजे विक्रम करणारी गाडीसुद्धा अंदाजाच्या खालच्या आकड्यापर्यंत पोचली नाही. वरचे ४४ लाख डॉलर हे खरेदीदाराने लिलाव कंपनीला दिलेले कमिशन. बातमीतला आकडा खरेदीदाराच्या खिशातून गेलेला आहे, विकणाऱ्याच्या हाती आलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला तसेच झाले. १९६२ सालच्या दुसऱ्या जीटीओचे सहा कोटींहून अधिक येतील असे सांगितले गेले होते. हातोडा ४ कोटी ७० लाखांवर थांबला आणि कमिशन धरून ५ कोटी १७ लाख झाले.

मोंढ्यात माल नेणाऱ्याला यात नवे काही नाही. सौदा निघतो एका भावाने. अडत, हमाली, तोलाई धरली की हाती पडतो दुसरा. पण मोंढ्यातला शेतकरी पट्टी पाहिल्याशिवाय घरी जाऊन आकडा सांगत नाही. आपण मात्र बातमीतला आकडा ऐकतो आणि घरातल्या वस्तूवर चिकटवतो.

अंदाज लावतो कोण? लिलाव करणाराच. त्याला गाडी आपल्याकडे यावी असे वाटते, तेव्हा मालकाला मोठा आकडा दाखविण्याचा मोह होतो. गिऱ्हाईक जमावे असे वाटते, तेव्हा छोटा आकडा छापलेला बरा पडतो. मार्च २०२० मध्ये मुंबईत नीरव मोदीच्या जप्त मालमत्तेचा लिलाव झाला. त्यातील रोल्स-रॉईस घोस्ट गाडीचा अंदाज ७५ ते ९५ लाख होता. ती गेली १ कोटी ६८ लाखांना. इकडे अंदाज खाली चुकला, तिकडे वर चुकला. अंदाज म्हणजे लबाडी, असे आमचे म्हणणे नाही. ते बोलणे सुरू करण्याचे साधन आहे. त्यावर कर्ज काढायचे नसते आणि वाटणीही करायची नसते.

कर्जाचे उदाहरण फेरारीच्याच बाजारात आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि या गाड्यांचे भाव वेड्यासारखे चढले. १९८९ मध्ये एक जीटीओ जपानी खरेदीदाराने १ कोटी ४६ लाख डॉलरना घेतली. १९९४ पर्यंत तेजी ओसरली आणि तीच गाडी सुमारे ३५ लाखांना विकली गेली. गाडीचा एक स्क्रूही बदलला नव्हता. बदलली होती ती घेणाऱ्यांची गर्दी.

वाटणीचे उदाहरण आमच्याच घरचे आहे. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. अब्बांकडे फियाट होती. मूळ इटलीची ही गाडी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला बनविली आणि पुढे तिला ‘पद्मिनी’ नाव दिले. २००६ मध्ये अब्बांच्या पश्चात हिस्से पाडताना आम्ही थोरले म्हणून आकडे घातले. गाडी धाकट्या भावाच्या हिश्शात ६० हजार रुपये धरून टाकली. कुणाला विचारले नाही. मनात आले ते लिहिले. त्याने विकायला काढली तेव्हा १४ हजारांच्या वर कोणी गेले नाही. तो काही बोलला नाही. पण सहा वर्षे ईदला आमच्या घरी आला नाही. त्याच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा आम्ही जाऊन फरक भरून दिला. पैसे फिटले. ती सहा वर्षे फिटली नाहीत.

खरे तर आम्हाला हे ठाऊक होते. दरवर्षी जकातीसाठी दुकानातल्या मालाची मोजदाद करताना आम्ही आजच्या विक्रीचा भाव धरतो. खरेदीचा भाव धरत नाही आणि ‘पुढे चढेल’ अशा आशेचाही धरत नाही. जो नियम मालाला, तोच वारशाला लावायला हवा होता. घेण्याची इच्छा नसताना भाव चढविण्यासाठी खोटी बोली बोलणे, ज्याला नजश म्हणतात, ते आपल्याकडे मनाच आहे. मग स्वतःच्याच वहीत, स्वतःच्याच भावापुढे खोटी बोली लिहिणे कसे चालेल?

आज जिल्ह्यात रस्त्याकडेच्या प्लॉटचे आकडे असेच तोंडी चालतात. शेजारच्याने अमुक मागितले, म्हणून आपला प्लॉटही अमुकचा! मागितले म्हणजे मिळाले नव्हे. यंत्रमागाचे मूल्यांकन करून लाखांचे कर्ज घेतले जाते आणि धंदा बसल्यावर तोच माग भंगाराच्या वजनाने जातो, हे सोलापूरच्या पेठेत आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कारागीर बंधूंसाठी मात्र या विषयात उमेद आहे. जीटीओचे अंग मोडेना शहरातील सेर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून घडविले जाई. हा मनुष्य लहानपणीच कामाला लागलेला. आपल्या भाषेत डेंटर. आज त्या गाडीची किंमत ठरते ती मूळ पत्रा, मूळ इंजिन आणि चेसिसवरचा नंबर कागदाशी जुळतो की नाही यावर. फेरारीने २००६ पासून जुन्या गाड्या तपासून दाखला देण्याचे खातेच उघडले आहे. आपल्या देशातही जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, आणि गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तेव्हा गॅरेजवाल्या भावांनो, जुनी गाडी कामाला आली तर मूळ भाग फेकू नका. कामाचे फोटो ठेवा आणि पक्के बिल द्या. तुमचे बिल उद्या त्या गाडीच्या किमतीचा पुरावा ठरेल.

आणि ज्यांच्या दारात अब्बांची फियाट उभी आहे त्यांनी आधी आरसी बुक शोधावे, दोन-तीन खऱ्या गिऱ्हाइकांना गाडी दाखवावी आणि रोखीने देईन म्हणणाऱ्याचा आकडा वहीत लिहावा. भाऊ-बहिणींचा हिस्सा असेल तर तो आकडा सर्वांसमोर लिहावा. तो कमी असला तरी हरकत नाही. त्या आकड्यावर उद्या ईदला एकमेकांच्या घरी जाता येईल.