पूंछचा शिक्षक आणि स्टुडिओतले युद्ध

८ मे २०२५ ची रात्र आठवा. पहलगाममध्ये २६ माणसांची हत्या झाली होती आणि 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले होते. त्या रात्री आपल्या वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद काबीज केले, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटकही करून टाकली. सकाळी कळले, यातले काहीच घडले नव्हते.

आता म्हणतात, युद्धाच्या धामधुमीत चूक होतेच. मान्य! पण चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. इथे प्रत्येक चूक एकाच दिशेला गेली. ज्या बातमीने टीआरपी वाढतो आणि सत्ताधारी खूश होतात, नेमकी तीच 'चूक' झाली. मित्रांनो, ही चूक नाही, हा धंदा आहे.

या धंद्याची किंमत कोण मोजतो ते पाहा. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफमाऱ्यात पूंछमध्ये मदरशातला एक शिक्षक ठार झाला. आपला नागरिक, शत्रूच्या गोळ्याने मेलेला. काही वाहिन्यांनी त्याला दहशतवादी ठरवून टाकले! दाढी-टोपी दिसली की यांना आणखी पुरावा लागत नाही. शेवटी पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला, की तो दहशतवादी नव्हता. पुढे जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने वाहिन्यांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पण ज्या घरात मयत पडले होते, त्या घराची त्या दिवशी जी बदनामी झाली ती कोण भरून देणार? आडनाव पाहून, वस्ती पाहून गुन्हेगार ठरवणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सीमेवरच्या गावात भोंगा वाजला की माणूस लेकरे घेऊन पळतो. स्टुडिओत तोच भोंगा पार्श्वसंगीत म्हणून वाजत होता. अखेर १० मे रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाला सांगावे लागले, की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका. जे सरकार एरवी या वाहिन्यांच्या कौतुकात न्हाते, त्यालाही हे सांगायची वेळ आली.

हे ठरवणारे कोण आहेत? २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलॉन्ड्री अहवालात माध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यातल्या १०६ जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. देशाने कोणाचा द्वेष करायचा आणि कोणाचे मरण दाखवायचे, हे जिथे ठरते त्या खोलीत आपण नाही, आदिवासी नाही.

बाबासाहेबांनी हा रोग फार आधी ओळखला होता. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितले, की भारतातली पत्रकारिता आता व्यापार झाली आहे आणि साबण बनवण्याच्या कारखान्यापेक्षा तिच्यात जास्त नैतिकता उरलेली नाही. ते हवेत बोलत नव्हते. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती.

असे लिहिले की लगेच 'देशद्रोही' म्हणतील. म्हणू द्या. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा वारसा सांगणाऱ्या समाजाला स्टुडिओतून देशभक्तीचे प्रमाणपत्र नको. ज्या घरातला पोरगा सीमेवर उभा आहे, त्या घराला खोटा विजय नको असतो. खरी बातमी हवी असते.

पण फक्त त्यांनाच शिव्या घालून चालणार नाही. त्या रात्री 'कराची गेली' हा मेसेज आपल्याही ग्रुपवर फिरला. आपल्याही पोरांनी तो पुढे ढकलला. तथागतांनी कालामांना काय सांगितले? कोणी सांगितले, परंपरेने आले, मोठ्या माणसाने म्हटले म्हणून खरे मानू नका, स्वतः तपासा. दीक्षाभूमीला जाऊन येणारा माणूस अँकरच्या ओरडण्यावर विश्वास ठेवत असेल तर त्याने धम्मातले घेतले काय?

म्हणून आजपासून एवढे करा. युद्धाची बातमी आली की लष्कराचे अधिकृत निवेदन येईपर्यंत थांबा. व्हिडिओ कुठला, कधीचा ते शोधा. खोटे निघाले तर ज्या ग्रुपवर टाकले त्याच ग्रुपवर चूक कबूल करा. आणि वस्तीतल्या लिहित्या पोरा-पोरींच्या हातात माइक द्या. 'मूकनायक' काढायला बाबासाहेबांनी कोणत्या वाहिनीची वाट पाहिली नव्हती.

जय भीम!