शिक्षेनंतरचा न्याय

जळगाव घरकुल प्रकरणाचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दिला, तेव्हा उशिरा का होईना, पण न्याय झाला, अशीच सामान्य खान्देशी माणसाची भावना होती. ती स्वाभाविक होती. गोरगरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना. प्रत्यक्षात उभी राहिली ती जेमतेम दीड हजार. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली आणि तेरा वर्षांनी ४८ जण दोषी ठरले. शिवसेनेचे माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कारावास व शंभर कोटींचा दंड, तर राष्ट्रवादीचे माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कारावास झाला.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जैन यांना नियमित जामीन दिला. अशा वेळी समर्थक गुलाल उधळतात आणि विरोधक 'पैसेवाल्यांना कायदा लागू नाही' म्हणून कपाळावर हात मारून घेतात. दोघेही चुकतात. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित ठेवण्याचा अधिकार कायद्यानेच वरिष्ठ न्यायालयाला दिला आहे. जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, ते कच्चे कैदी होते. हा काळ शिक्षेतून वजा होतो. निकालानंतर तीन वर्षे लोटली तरी अपील अनिर्णितच होते. उरलेली शिक्षा तुरुंगात भोगून संपल्यावर अपिलाचा निकाल लागला, तर त्या निकालाला अर्थ काय उरला?

दंडाचेही तसेच. शंभर कोटींचा आकडा ऐकून अनेकांना समाधान वाटले. परंतु मर्यादा नमूद नसली तरी दंड अवाजवी असू नये, असे भारतीय दंड संहितेचे कलम ६३ सांगत होते. हा दंड त्या कसोटीला उतरतो की नाही, हे चावडीवर नव्हे, अपिलातच ठरायला हवे.

शेजारच्या नाशिकचे एक प्रकरण या संदर्भात विसरता येणार नाही. २००३ मधील एका भीषण हत्याकांडात भटक्या समाजातील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. राज्य शासन शिक्षावाढीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००९ मध्ये सहाही जणांना फाशी ठरली. समाजाचा क्रोध शांत झाला. मात्र फेरविचारात, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तोच निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. सोळा वर्षे गजाआड गेली होती. खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्या दुर्दैवी कुटुंबापुढे आजही उभा आहे.

आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा वाढवू नये, दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर त्याला वेगळे ऐकावे, या तरतुदी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होत्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. त्या गुन्हेगारांचे लाड करण्यासाठी नाहीत. जैन यांच्यासाठी नामांकित वकील उभे राहू शकतात. पालावरच्या माणसाला विधी साहाय्यातून मिळेल तो वकील. त्या वकिलाला पुरेसे मानधन, खटल्याची मराठी कागदपत्रे व त्यांची भाषांतरे वेळेत, आणि कैद्याशी निवांत बोलण्याची मुभा, एवढे तरी शासनाने दिले पाहिजे. आणि घरकुलासारख्या प्रकरणांतील अपिले ठरावीक मुदतीत ऐकण्यासाठी खंडपीठांतील रिक्त जागा भरल्या पाहिजेत. जळगावात ज्यांच्या नावाने घरकुले मंजूर झाली, त्यांनाही त्या पैशांचे नेमके काय झाले याचे अंतिम उत्तर मिळण्याचा हक्क आहे.