उत्तरकथेचे वाचन : ॲनिमेशन मालिकांवरील चाहतेलेखन आणि समीक्षेची जबाबदारी

एखाद्या लेखनप्रकाराची समीक्षा होत नाही, याची कारणे दोन असू शकतात. तो प्रकार समीक्षेच्या योग्यतेचा नाही असे समीक्षकांना वाटत असते. किंवा आपली समीक्षा होऊ नये असे त्या प्रकारात लिहिणाऱ्यांना वाटत असते. ॲनिमेशन मालिकांच्या आधारे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, म्हणजे ज्यास ‘फॅन फिक्शन’ असे नाव रूढ झाले आहे त्या लेखनाच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकाच वेळी उपस्थित आहेत. विद्यापीठीय मराठी समीक्षा त्याकडे क्वचितच पाहते. आणि चाहत्यांच्या वर्तुळात न मागता दोष दाखविणे हा बहुधा शिष्टाचाराचा भंग मानला जातो. परिणामी या लेखनाच्या वाट्यास एकतर कौतुक येते, नाहीतर उपहास येतो. चिकित्सा येत नाही. ही स्थिती या लेखकांच्या हिताची नाही आणि समीक्षेच्याही नाही.

हे लेखन कालपरवाचे नाही. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनेलिया’ हे अनियतकालिक 1967 मध्ये काढले होते. जपानमध्ये हौशी चित्रकथाकारांचा ‘कॉमिकेट’ हा मेळा 1975 च्या डिसेंबरात टोकियोत प्रथम भरला, आणि 1980 च्या दशकात ‘कॅप्टन त्सुबासा’सारख्या मालिकांतील पात्रे घेऊन नव्या कथा रचणाऱ्या स्त्री-लेखिकांनी तो गजबजून गेला. हेन्री जेन्किन्स यांचा ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ हा ग्रंथ 1992 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून या विषयास अभ्यासक्षेत्राची प्रतिष्ठाही लाभली. परंतु हा अभ्यास मुख्यतः चाहत्यांच्या समूहाचा राहिला. समूह कसा वाचतो, काय देतो-घेतो, मालकी हक्काशी कसा झगडतो, हे त्याने दाखविले. अमुक कथा चांगली का आणि तमुक फसली का, हा प्रश्न मागेच राहिला. 2019 मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहतेलेखनाच्या संग्रहास विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हाही गौरव झाला तो संग्रहाचा. एखाद्या कथेचा नव्हे.

या प्रश्नाचा विचार एका ठोस उदाहरणाच्या आधारे करणे सोयीचे ठरेल. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका 2005 ते 2008 या काळात तीन पर्वांत आणि एकसष्ट भागांत प्रसारित झाली. शंभर वर्षे बर्फात गोठून राहिलेला आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या पाठलागावर असलेला निर्वासित राजपुत्र झूको यांची ही कथा. तिने शीर्षकातला शब्द भारतीय परंपरेकडून घेतला आहे. चक्रांची शिकवण देणारा पथिक नावाचा गुरूही तीत येतो. झूकोची आई ऊर्सा एका रात्री राजवाड्यातून नाहीशी होते. मालिकेच्या अखेरीस झूको तुरुंगातील पित्यास तिचा ठावठिकाणा विचारतो, आणि तो प्रश्न अनुत्तरित ठेवून मालिका संपते.

चाहत्यांच्या लेखनास अशा रिकाम्या जागा निमंत्रणच देतात. ऊर्साचे पुढे काय झाले असेल, याची अनेक उत्तरे चाहत्यांनी कल्पिली. पुढे 2013 मध्ये जीन लुएन यांग यांनी लिहिलेल्या ‘द सर्च’ या अधिकृत चित्रकथेत उत्तर आले : ऊर्साने आपला चेहरा बदलून घेतला होता, स्वतःची स्मृती पुसून घेतली होती आणि ती एका गावात नवा संसार करीत होती. येथे समीक्षेसमोर एक नेमका पेच उभा राहतो. अधिकृत उत्तर आल्यावर आधीची सारी उत्तरे खोटी ठरली काय?

फॅन फिक्शनचे मूल्य मूळ संहितेशी असलेल्या जुळणीवर ठरते असे मानल्यास ‘होय’ असे म्हणावे लागेल. मग समीक्षकाचे काम एखाद्या हिशेबतपासनीसाचे उरेल : कोणती तारीख चुकली, कोणते नाते बिघडले, एवढेच त्याने पाहावे. परंतु 2013 पूर्वीच्या एखाद्या कथेत सत्तेपायी मुलांना सोडून गेलेल्या आईचा अपराधभाव खोलवर उतरला असेल, तर नंतरच्या अधिकृत उत्तराने त्या कथेचे काहीच बिघडत नाही. उलट दोन उत्तरांतील अंतर न्याहाळणे हेच वाचनाचे खरे काम होते. अधिकृत कथा ऊर्सेस विस्मृती देते. चाहत्याची कथा तिला स्मृतीसह जगावयास लावू शकते. यांपैकी कोणती कल्पना दुःखाला अधिक प्रामाणिकपणे सामोरी जाते, हा वाङ्मयीन प्रश्न आहे. त्याचे उत्तर हक्कधारकाच्या कार्यालयात मिळत नाही.

भारतीय काव्यविचारास हा पेच अपरिचित नाही. परंपरेने आलेल्या कथेतील जी परिस्थिती रसास अनुकूल नसेल ती कवीने टाकावी आणि रसोचित असे नवे कल्पून घ्यावे, असे नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगितले आहे. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी ‘महाभारता’तील शकुंतलोपाख्यानात नाहीत, ती कालिदासाने घातली, आणि त्यामुळे दुष्यंताचे विस्मरण निराळ्या अर्थाचे झाले. मराठीतही पंडित कवींच्या आख्यानकाव्यापासून वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’पर्यंत आणि शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’पर्यंत आधारित कथेचा हा प्रवाह अखंड वाहत आला आहे. या ग्रंथांचा विचार करताना ‘मूळ कथा दुसऱ्याची’ हा आक्षेप कोणी निर्णायक मानत नाही.

मात्र या साम्यावर फार भार टाकणे योग्य नव्हे. ‘महाभारता’चा कोणी मालक नाही, मालिकेस मालक असतो. पुराणकथेस शतकानुशतकांच्या श्रद्धेची आणि विवादाची खोली असते. मालिकेस काही वर्षांचा सहवास असतो. शिवाय कालिदासाचे नाव पुढे करून प्रत्येक चाहत्याच्या कथेस प्रतिष्ठा मिळवून देणे म्हणजे समीक्षा टाळण्याचाच एक सभ्य मार्ग होय. परंपरेचा दाखला एवढेच सिद्ध करतो की, आधारितपणा हा दोष नाही. कथा चांगली आहे हे तो सिद्ध करीत नाही. ते त्या त्या कथेनेच सिद्ध करावयाचे असते.

मग निकष कोणते? पहिला औचित्याचा. पात्राचे नाव तेच आणि स्वभाव मात्र लेखकाच्या सोयीचा, ही या लेखनातील मोठी उणीव होय. झूकोची बहीण अझूला चौदा वर्षांची आहे. ती मालिकेच्या शेवटी मनाने कोसळते आणि आरशात तिला आईची आकृती दिसते. एखाद्या कथेत भावाच्या एका प्रेमळ संभाषणाने ती सावरली, तर तेथे बदल घडला असे म्हणता येत नाही. केवळ इच्छा पुरी झाली. तिचा काका आयरो पदोपदी सुभाषिते बोलू लागला, तर त्याच्या शहाणपणामागील पुत्रशोक नाहीसा होतो आणि उरते ते केवळ टोपणनाव. स्वभाव बदलण्यास लेखक मोकळा आहे. पण त्या बदलाची किंमत कथेत कोठेतरी चुकती झाली पाहिजे.

दुसरा निकष माध्यमांतराचा. ॲनिमेशन रेषा, रंग, हालचाल आणि आवाज यांतून बोलते. झूकोच्या चेहऱ्यावरील भाजल्याचा व्रण प्रत्येक दृश्यात दिसतो. त्याविषयी कोणास बोलावे लागत नाही. गद्यात तो सतत दिसत राहत नाही. तो केव्हा आठवावा, कोणाच्या नजरेतून आठवावा आणि केव्हा विसरावा, हे लेखकास ठरवावे लागते. दृश्याचे नुसते वर्णन करणारी कथा मालिकेची फिकी नक्कल होते. दृश्याने न सांगितलेले सांगणारी कथा स्वतःच्या पायांवर उभी राहते. मर्ढेकरांनंतर मराठी सौंदर्यविचारात कलाकृतीच्या स्वायत्ततेची चर्चा पुष्कळ झाली. चाहत्याची कथा त्या अर्थाने स्वायत्त नाही, कारण ती वाचकाच्या स्मरणावर उभी आहे. तथापि आधार घेणे आणि टेकून बसणे यांत फरक असतो.

आता उरतो तो समीक्षकाच्या आचाराचा प्रश्न, आणि तो गौण नाही. हे लेखक बहुधा टोपणनावाने, मोबदल्याविना आणि पुष्कळदा अगदी कोवळ्या वयात लिहितात. कथा हप्त्याहप्त्याने येते. ‘करमणूक’ पत्रातून हरिभाऊ आपट्यांची कादंबरी वाचणाऱ्यांप्रमाणे येथील वाचकही अपूर्णाचेच वाचक असतात. समीक्षेचा शब्द येथे किती घातक ठरतो याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पॉला स्मिथ यांनी 1973 मध्ये एका विडंबनात ‘मेरी स्यू’ नावाची सर्वगुणसंपन्न नायिका रंगविली. लेखकाच्या आत्मगौरवावरील ते मार्मिक भाष्य होते. पुढे तेच नाव कोणत्याही कर्तबगार स्त्रीपात्रावर आणि ते निर्मिणाऱ्या मुलींवर फेकण्याचा दगड झाले. चिकित्सेची संज्ञा शिवी झाली की चिकित्सा संपते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. लेखकास दिलेला अभिप्राय हा खाजगी संवाद आहे. तो मागितल्यावर द्यावा. प्रकाशनापूर्वी कच्चा खर्डा वाचून दोष सांगणाऱ्या सहवाचकाची प्रथा चाहत्यांनी स्वतःच निर्माण केली आहे, आणि ती चांगली आहे. समीक्षा मात्र वाचकांसाठी असते. तिने पूर्ण झालेली, विचारास पात्र अशी कथा निवडावी. फसलेल्या कोवळ्या प्रयत्नांची थट्टा करू नये. टोपणनावामागील व्यक्तीचा शोध घेऊ नये. आणि निवडलेल्या कथेविषयी मात्र संकोच न करता खरे बोलावे. दया दाखवून केलेली स्तुती ही अवहेलनेचीच दुसरी बाजू होय.

या लेखनात काहीच दखलपात्र नाही, असा निष्कर्ष वाचनानंतर निघाला तर तोही मान्य करता येईल. वाचनापूर्वीचा निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. वर्गात औचित्यविचार शिकणारा एखादा विद्यार्थी घरी अझूलेची कथा लिहीत असेल, तर त्या दोन वह्या एकमेकींस कधीच भेटू नयेत अशी आजची व्यवस्था आहे. त्यांची गाठ घालून देणे समीक्षेस शक्य आहे. तिने ते केले नाही, तर त्या विद्यार्थ्याच्या कथेचा निकाल पसंतीच्या खुणांची बेरीज लावील. आणि औचित्यविचार हा परीक्षेपुरता पाठ करावयाचा विषय आहे, अशी त्याची समजूत कायम होईल.