मागच्या तारखेची निष्ठा

‘आधी देशाशी एकनिष्ठ असल्याची शपथ घ्यायला लावा, मग मत देऊ द्या. कर नाही त्याला डर कशाला?’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि इतक्या चांगल्या, शिकलेल्या, आपल्याच माणसांकडून ऐकलंय, की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. (त्यातले दोघं-तिघं हा ब्लॉग नियमित वाचतात. काका, राग मानू नका. पण वाचा मात्र पूर्ण.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कर नसलेल्यालाच अशा शपथेची डर असते. कर असलेला खुशाल शपथ घेतो आणि मत देऊन घरी जातो. हे मी तर्काने सांगत नाहीये. मी राहतो त्या मिझुरी राज्यात हा प्रयोग एकदा पुरा करून झालाय. १८६५ ते १८७०, अशी पाच वर्षं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या यादवी युद्धात मिझुरी हे सीमेवरचं राज्य. गुलामगिरी चालू होती (१८६० च्या जनगणनेत सुमारे १ लाख १५ हजार गुलाम), पण राज्य फुटून दक्षिणेकडे गेलं नाही. गव्हर्नर क्लेबॉर्न जॅक्सन दक्षिणेच्या बाजूचा. त्याला पळवून लावलं, आणि त्याच्या जागी उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या बाजूचं हंगामी सरकार आलं. राज्यातली लाखभर माणसं युनियनकडून लढली, तर तीस-चाळीस हजार दक्षिणेकडून. एकाच घरातला एक भाऊ इकडे, दुसरा तिकडे, अशी घरं गावोगाव होती. आणि ज्याला आघाडी म्हणतात ती इथे नव्हतीच. झाडीत दबा धरून बसणाऱ्या टोळ्या रात्री दारावर थाप मारायच्या. दार उघडणाऱ्याने कुठल्या बाजूचं नाव घ्यायचं हे थाप मारणाऱ्याच्या कपड्यांवरूनही कळायचं नाही, कारण या टोळ्या सर्रास युनियनचे निळे डगले घालून फिरायच्या.

ऑगस्ट १८६३ मध्ये क्वांट्रिलच्या टोळीने शेजारच्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात शिरून दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली. चारच दिवसांत युनियनच्या जनरल युइंगने ‘हुकूम नंबर ११’ काढून मिझुरीच्या सीमेवरचे तीन जिल्हे आणि चौथ्याचा काही भाग जवळजवळ रिकामा करवला. लोकांची घरं-शेतं जळाली. सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट्रेलिया गावात रजेवर निघालेल्या वीसहून अधिक नि:शस्त्र सैनिकांना आगगाडीतून उतरवून गोळ्या घातल्या. म्हणजे लोक एकमेकांवर उगाच संशय घेत होते असं अजिबात नाही. संशयाला कारण होतं, आणि त्याच्या खाली प्रेतं होती.

अशा वातावरणात जानेवारी १८६५ मध्ये सेंट लुईसला राज्याची घटना-परिषद भरली. तिने पहिल्याच आठवड्यात, ११ जानेवारीला, एक उत्तम काम केलं: गुलामगिरी रद्द केली. कसलीही मुदत नाही, कुणाला भरपाई नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ज्यांच्यावर टीका करणार आहे ते लोक हेच आहेत, आणि या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते.

मग त्यांनी नवी राज्यघटना लिहिली. तिचा मुख्य कारागीर चार्ल्स ड्रेक नावाचा सेंट लुईसचा वकील. विरोधकांनी त्याच्या नावावर कोटी करून तिला ‘ड्रेकोनियन कोड’ म्हणायला सुरुवात केली. तिच्यात एक शपथ होती. मतदार व्हायचं असेल तर ती घ्यायची. वकील, शिक्षक, पाद्री, पंचातला ज्युरर, कंपनीचा संचालक, चर्चचा विश्वस्त, यांपैकी काहीही व्हायचं असलं तरी तीच.

आणि शपथ कसली? ‘यापुढे घटनेशी एकनिष्ठ राहीन’ एवढ्यावर ती थांबत नव्हती. ‘आजवर मी यांपैकी काहीही केलेलं नाही’ असं म्हणून पुढे लांबलचक यादी. कुणी मोजून ८६ कृत्यं काढली. शस्त्र उचललं नाही, हे ठीक. पण बंडखोरांना कुठलीही मदत किंवा आधार दिला नाही, त्यांचा जय व्हावा अशी *इच्छा* दाखवली नाही, त्यांच्याबद्दल *सहानुभूती* व्यक्त केली नाही! १८६२ मध्ये मिलिशियात सक्तीने भरती चालू होती, तेव्हा ती टाळायला काही शेतकऱ्यांनी स्वतःची नोंद ‘दक्षिणेशी सहानुभूती असलेला’ अशी करून घेतली होती. जीव वाचवायचा, पेरणी करायची, दुसरं काही नाही. तेही यादीत.

आता विचार करा. मुलगा दक्षिणेच्या सैन्यात गेलाय. एका रात्री उपाशी, जखमी होऊन परसदारी येतो. बाप त्याला भाकरी देतो. ही मदत की नाही? यादीप्रमाणे मदतच. त्या बापाने तीन वर्षांनी मतदानाच्या टेबलापुढे उभं राहून काय म्हणायचं?

खोटं बोलणारा बाप मतदार होतो. खरं बोलणारा होत नाही. या शपथेची यंत्रणा एवढीच आहे, काका. ती गाळणी आहे खरी, पण तिच्यातून गाळून बाहेर राहतो तो प्रामाणिक माणूस.

याचे दोन नमुने इतिहासातच आहेत. पहिला, फादर जॉन कमिंग्ज. मिसिसिपीच्या काठी लुइझियाना नावाचं गाव आहे (मिझुरीतलंच, त्या नावाच्या राज्याचा काही संबंध नाही). तिथला हा तरुण कॅथलिक पाद्री. शपथ न घेता सप्टेंबर १८६५ मध्ये त्याने चर्चमध्ये प्रवचन केलं, हा गुन्हा. दंड ५०० डॉलर, आणि भरेपर्यंत कैद. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १८६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं: द्वेषाने केलेलं कृत्य आणि दयेपोटी, मायेपोटी, नात्यापोटी केलेलं कृत्य यांत ही शपथ फरकच करत नाही. शिवाय ही खटल्याविना दिलेली शिक्षा आहे, आणि कृत्य घडून गेल्यावर मागाहून लादलेली आहे. दोन्ही गोष्टींना अमेरिकेच्या घटनेत सक्त मनाई आहे.

दुसरा नमुना तर कुणी रचून सांगितला असता तर खोटा वाटला असता. फ्रँक ब्लेअर. १८६१ मध्ये मिझुरी युनियनकडे राहिलं ते ज्या मोजक्या लोकांमुळे, त्यातला हा पुढचा माणूस. पुढे युनियनच्या सैन्यात मेजर जनरल. नोव्हेंबर १८६५ मध्ये सेंट लुईसला हा मत द्यायला गेला आणि म्हणाला, घटनेशी निष्ठेची शपथ घेतो, पण ही मागची यादी म्हणणार नाही. का? तर यादीत ‘या राज्याच्या सरकारविरुद्ध शस्त्र उचललं नाही’ असंही होतं, आणि ब्लेअरने ते उचललं होतं: बंडखोर गव्हर्नर जॅक्सनच्या सरकारविरुद्ध, युनियन वाचवण्यासाठी! त्याला मत देऊ दिलं नाही. (हा ब्लेअर काही संत नव्हे. १८६८ मध्ये उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा त्याचा कृष्णवर्णीयांविरुद्धचा प्रचार किळसवाणा होता. पण मुद्दा तो नाही.)

ब्लेअर कोर्टात गेला आणि हरला. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं, की मत हा काही माणसाचा जन्मजात हक्क नव्हे. राज्य त्याच्या अटी ठरवू शकतं, आणि अट पुरी झाली नाही म्हणून मत नाकारणं ही शिक्षा होत नाही. वॉशिंग्टनला १८७० मध्ये न्यायमूर्तींची समसमान विभागणी झाली आणि तोच निकाल कायम राहिला. म्हणजे बघा, पाद्र्याला त्याचं व्यासपीठ १८६७ मध्ये परत मिळालं, पण मतदाराला त्याचं मत नाही.

आता दुसरी बाजू. ती सोपी करून सांगणं अन्यायाचं होईल. ड्रेकच्या लोकांचं म्हणणं असं: काल ज्यांनी आमची माणसं मारली, त्यांच्या हातात आज मत दिलं तर ते उद्या मतपेटीतून तेच राज्य आणतील जे त्यांना बंदुकीने आणता आलं नाही. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांचं मग काय होईल?

भीती खरी होती. मला तर ती पूर्ण मान्य आहे. पण उपाय बघा काय केला. ज्या घटनेत ही ८६ कलमी निष्ठा लिहिली, त्याच घटनेत मतदार कोण, तर *गोरा* पुरुष! मिझुरीतून आठ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक युनियनकडून लढले. त्यांच्या पलटणींनी शिपायाच्या पगारातून पैसे साठवून राजधानीत, जेफरसन सिटीला, १८६६ मध्ये शाळा काढली. तीच आजची लिंकन युनिव्हर्सिटी. राज्यात निष्ठेची परीक्षा याहून चांगल्या मार्कांनी कुणी दिली होती? त्यांना कुणी शपथही विचारली नाही, कारण मतदानाच्या रांगेत त्यांना जागाच नव्हती.

आणि १८६८ मध्ये जेव्हा कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा का हा प्रश्न मतदानाला टाकला, तेव्हा तो नामंजूर झाला. कुणी केला नामंजूर? कायद्याने बंडखोर आणि त्यांचे सहानुभूतीदार आधीच यादीबाहेर होते. हात वर करून ‘आम्ही निष्ठावान’ म्हणणाऱ्या, गाळून घेतलेल्या मतदारांनीच तो पाडला. शेवटी मत मिळालं ते १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीमुळे. मुक्त झालेल्यांना वाचवायचं होतं ना? मग मतदार वाढवायचे होते. यांनी कमी केले.

बरं, शपथ घेतली म्हणजे तरी सुटका? तीही नाही. डिसेंबर १८६५ च्या कायद्याने मतदारनोंदणीचे अधिकारी आले. त्यांची साखळी वर गव्हर्नरपर्यंत पोचायची. समोरच्याने शपथ घेतली तरी ‘मला पटत नाही’ म्हणून ते नाव काढू शकत. म्हणजे निष्ठा मोजणारा अखेर कोण, तर सत्तेतल्या पक्षाने नेमलेला एक कारकून. अशी शपथ कुठेही आणा, शेवटी ती त्या कारकुनाच्या टेबलावरच येऊन थांबते.

घटना मंजूर झाली तीही कशी पाहा. जून १८६५ मध्ये ४३,६७० विरुद्ध ४१,८०८. फरक १,८६२ मतांचा, तोही सैनिकांच्या मतांमुळे. आणि या मतदानातही शपथ घेणाऱ्यांनाच प्रवेश होता! दाराला कुलूप लावायचं की नाही हे आतल्यांनीच ठरवलं, आणि तरी जेमतेम निभावलं.

पुढे काय झालं? १८७० मध्ये सत्ताधारी पक्षच फुटला. कार्ल शुर्झ आणि ग्रॅट्झ ब्राउन यांनी शपथ काढून टाकण्याची मागणी लावून धरली, आणि प्रचंड बहुमताने ती गेली. पण तोवर पाच वर्षांचा अपमान साठला होता. जो बाप फक्त भाकरी देऊन गप्प बसला असता, त्याला या शपथेने आयुष्यभराचा विरोधक केला होता. १८७२ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर आला, आणि त्यानंतर १९०८ च्या निवडणुकीपर्यंत एकही रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला नाही. १८७५ च्या नव्या घटनेने गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा सक्तीच्या केल्या. १८८४ मध्ये तर मार्माड्यूक गव्हर्नर म्हणून निवडून आला, जो दक्षिणेच्या सैन्यात जनरल होता. ज्याची भीती होती तेच झालं. एकट्या शपथेमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण शपथेने ते थांबलं नाही एवढं नक्की.

‘मग गुन्हेगारांना सोडून द्यायचं का?’ नाही हो. सेंट्रेलियात ज्याने गोळी झाडली त्याला पकडा, पुरावा आणा, खटला चालवा, फाशी द्या. कृत्यावर खटला चालतो. मनावर चालत नाही.

आपल्याकडे हे घडलेलं आहे. मराठवाड्यात १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर जेमतेम साडेतीन वर्षांनी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. रझाकारांचा जुलूम लोकांच्या डोळ्यांपुढे ताजा होता. अ‍ॅक्शननंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली तो डागही ताजा होता. कासीम रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ पर्यंत तो तुरुंगात होता. पण मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘निजामाबद्दल तुला कधी सहानुभूती वाटली होती का?’ हे विचारायचं कलम कुठेच नव्हतं. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाच्या सार्वभौमत्वाची आणि एकात्मतेची शपथ आली, ती उमेदवाराला. मतदाराला आजही नाही. आणि तीही पुढची आहे, मागची नाही.

इकडच्या मंडळींसाठी एक. आपल्यातल्या अनेकांनी इथलं नागरिकत्व घेताना हात वर करून शपथ घेतली आहे. तीसुद्धा पुढचीच. हो, अर्जात ‘तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का’ हा मागचा प्रश्न असतो, आणि तो मला खटकतोच. पण तो जे अजून आपलं झालेलं नाही ते मागताना विचारतात. मत ज्याचं आहे त्याच्याकडून ते काढून घेताना नव्हे.

तेव्हा शपथ घ्यायची तर ‘उद्या’ची घ्या. उद्याची शपथ मोडली तर पकडता येतं. कालची शपथ मात्र फक्त खोटं बोलायला शिकवते, आणि ज्याला ते जमत नाही त्याला घरी पाठवते. अशा पाच वर्षांनी मिझुरीत निष्ठा वाढली नाही, मनातली अढी तेवढी वाढली.

असो. काका, आता तुमचं उत्तर येऊ द्या. सविस्तर लिहा. मात्र ‘कर नाही त्याला डर कशाला’ एवढंच लिहू नका. त्या परसदारच्या बापाने काय म्हणायला हवं होतं, ते सांगा.