युरोपच्या प्रवासाला निघताना

युरोपचा प्रवास ही आता संस्थानिकांची किंवा विलायतेस शिकावयास जाणाऱ्या बॅरिस्टरांची मिरासदारी राहिलेली नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघालेली आई, निवृत्त झाल्यावर यजमानांसमवेत सहलीस जाणारी शिक्षिका, चौघी मैत्रिणींनी मिळून आखलेला बेत, असे पुणे-नागपूरपासून इंदूर, बडोदे, बेळगावपर्यंत सर्वत्र दिसते. तयारी महिनाभर आधी सुरू होते. परंतु त्या महिन्यातील बहुतेक दिवस घरातील इतरांची तयारी करण्यात जातात. यजमानांची औषधे, मुलांचे स्वेटर, तिकडच्या नातलगांसाठी लोणची नि मसाले यांनी पेटी भरत आली, की उरलेल्या कोपऱ्यात गृहिणी आपल्या चार साड्या व एक जुनी शाल कोंबते. मग स्वित्झर्लंडच्या हिमशिखरावर सारी मंडळी बाहेर बर्फात हिंडत असतात आणि ती मात्र पायांत चप्पल आहे म्हणून आतल्या काचेशी उभी राहून त्यांच्याकडे पाहते. तिच्या तिकिटाला पैसे काही कमी पडलेले नसतात. आज या सदरात जे लिहावयाचे आहे, ते तिच्या पेटीविषयी.

युरोप म्हणजे थंडी, अशी आपली एक ठाम समजूत असते. ती अर्धीच खरी. मे ते जुलै या काळात आपल्याकडील प्रवासी सर्वांत अधिक जातात, आणि जुलैच्या दुपारी रोममध्ये तापमान सहज ३१-३२ अंशांवर असते. स्पेनमधील सेव्हिल शहर तर त्याच महिन्यात आपल्या विदर्भाची आठवण करून देते. अलीकडील वर्षांत उन्हाच्या लाटाही वाढल्या आहेत. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमानाची नोंद झाली, आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडसारख्या देशात पारा ४० अंशांच्या वर गेला. तेथील जुन्या घरांत व लहान हॉटेलांत वातानुकूलन बहुधा नसते, पंखाही नसतो. याउलट नॉर्वेतील बर्गन येथे भर उन्हाळ्यात पावसाळी कोट लागतो, आणि लंडनमध्ये जून महिन्यातील एखादी संध्याकाळ आपल्या महाबळेश्वरच्या जानेवारीसारखी असते.

यापेक्षाही मोठा फरक पडतो तो उंचीमुळे. साधारण नियम असा, की हजार मीटर वर चढले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन हे गाव समुद्रसपाटीपासून ५७० मीटरांच्या आसपास आहे, तर युंगफ्राउयोख हे युरोपातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक ३४५४ मीटरांवर. १९१२ साली ही रेल्वे पूर्ण झाली, आणि आज खालून वर पोहोचावयास दीड-दोन तास पुरतात. म्हणजे सकाळी न्याहारीच्या वेळी सुती कुडता पुरेसा वाटत असेल, तर चहाच्या आधी आपण अठरा-एकोणीस अंशांनी अधिक थंड हवेत, आणि बहुधा झोंबऱ्या वाऱ्यात, उभ्या असतो. वर हवाही विरळ असते; दाब खालच्या सुमारे दोन-तृतीयांश. तेथे पायऱ्या सावकाश चढाव्यात. हृदयविकार किंवा दमा असलेल्या भगिनींनी वर जावे की नाही, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे; शिखरावर पोहोचून नव्हे.

आता प्रत्येक हवेसाठी वेगळे कपडे घेऊ लागल्यास दोन पेट्याही अपुऱ्या पडतील. म्हणून कपडे हवेप्रमाणे वेगळे घ्यावयाचे नसतात, ते एकावर एक चढवावयाचे असतात. आपल्याकडे थंडी म्हटली की एक जाडजूड स्वेटर विकत घेतला जातो. तो पेटीची अर्धी जागा खातो, उन्हात निरुपयोगी ठरतो, आणि वाऱ्यात त्याच्या विणीतून गारवा आत शिरतो तो वेगळाच. ऊब कापडाच्या जाडीत नसून दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. तेव्हा अंगालगत एक घट्ट बसणारा पातळ गरम सदरा व तसाच पायजमा, ज्यांना दुकानात थर्मल म्हणतात. त्यावर नेहमीचा पोशाख. त्यावर पातळ लोकरी स्वेटर. आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे हलके जाकीट, एवढे पुरते. चारही एकदम घातले की युंगफ्राउ निभावते. एकेक काढत गेले की तोच पोशाख रोमच्या दुपारी चालतो. यांतील आतला थर सुती नसावा. सूत घाम शोषून ओले राहते आणि अंग गार पाडते. लोकरीचा गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही. देहरादून-दिल्लीकडील वाचक भगिनींना हे सारे सांगावयाची गरज नाही. त्यांच्या कपाटात लोकरी कपडे असतातच. मुंबई, कोकण, गोवा येथील भगिनींनी मात्र थर्मल व मोजे घाईत घेऊ नयेत. घालून, बसून, वाकून पाहावेत.

साडीचे काय, हा प्रश्न हमखास येतो. आमच्या मते ज्यांना साडीतच मोकळे वाटते त्यांनी केवळ परदेश म्हणून ती सोडण्याचे कारण नाही, आणि ज्यांना सलवार-कुडता किंवा पँट सोयीची वाटते त्यांना कोणी त्यावरून बोलू नये. दोन्हींखाली थर्मल पायजमा बेमालूम बसतो. थंडीचा त्रास साडीमुळे होत नाही, तो उघड्या पडलेल्या कमरेमुळे व पोटऱ्यांमुळे होतो. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना हाच प्रश्न पडला होता. नऊवारीने तेथल्या थंडीत भागेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे ठरवले. अठरा वर्षांच्या मुलीने एवढ्या लोकापवादाच्या काळात जे केले, त्यापुढे साडीवर जाकीट चढवताना आपण संकोचावे असे काय आहे? साड्या मात्र क्रेप किंवा जॉर्जेटच्या घ्याव्यात. त्या रात्री धुतल्या तर सकाळपर्यंत वाळतात, इस्त्री मागत नाहीत. पैठणी घरीच बरी. सुती परकर तेथील थंड न्हाणीघरात दोन-दोन दिवस वाळत नाही. तो कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळला, की बरेचसे पाणी टॉवेल ओढून घेतो. अशा रीतीने तीन जोड आलटून पालटून वापरले, तर पंधरा दिवसांची सहलही निर्वेध पार पडते.

एक मोठी सुती ओढणी किंवा पातळ शाल हाताशी असावीच. विमानात ती पांघरूण होते, उन्हात डोक्यावर येते. आणि रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर प्रवेश नाकारतात, तेथेही ती कामी पडते. इटलीतील इतर अनेक चर्चमध्येही हाच दंडक आहे.

पायांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण खर्चात काटकसर करावयाची झाली की आपल्या स्त्रिया ती नेमकी आपल्या पायांवर करतात. युरोपातील जुनी शहरे पायी पाहावयाची असतात. दिवसाकाठी सात-आठ किलोमीटर चालणे सहज होते. रोमचे रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांनी फरसलेले आहेत. ते चिरे वरून फुगीर असल्याने पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक दगड टोचतो, आणि पावसात पाय घसरतो तो निराळाच. तेव्हा जाड, खरबरीत तळव्याचे बंदिस्त बूट घ्यावेत, तेही निघण्याच्या महिनाभर आधी, आणि सकाळच्या फेरफटक्यात घालून ते पायाला बसवून घ्यावेत. नवे कोरे बूट विमानतळावर प्रथम चढवणे म्हणजे फोडांना आमंत्रण. लांबच्या विमानप्रवासात पावले सुजतात, म्हणून बुटाचे माप संध्याकाळी घ्यावे. लोकरी मोज्यांसह बूट सैलसर बसला पाहिजे. कोरड्या थंड हवेने ओठ व टाचा फुटतात, त्यावर महागडी मलमे लागत नाहीत. कोकमाचे तेल, ज्याला गोव्याकडे भिरंडेल म्हणतात, त्याची एक वडी रुमालात गुंडाळून नेली तरी सहल संपेपर्यंत पुरते. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना व गालांना फार बाधते. काळा चष्मा हा तेथे नखरा नव्हे.

औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, आणि ती स्वतःची स्वतःजवळ. यजमानांच्या गोळ्या बायकोच्या पर्समध्ये नि बायकोच्या गोळ्या घरी राहिल्या, असे होता कामा नये. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील एवढ्या गोळ्या मूळ वेष्टनात घ्याव्यात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तीत औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपल्याकडील व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्यास कळत नाहीत. प्रतिजैविके तेथे चिठ्ठीवाचून मिळत नाहीत, आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. इन्सुलिन मोठ्या पेटीत मुळीच ठेवू नये. विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याचा संभव असतो. प्रवासाच्या दगदगीने व वेळेच्या उलटापालटीने मासिक पाळी पुढेमागे होते, म्हणून त्या दिवसांची सोयही हातातील पिशवीत असू द्यावी. पुढचा पुरवठा तेथील कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतो. त्यासाठी अर्धी पेटी अडवू नये.

खाद्यपदार्थांबाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप ही सारी विमानतळावर टाकून द्यावी लागतात. कधी दंडही होतो. आंबे, कढीलिंब, हिरव्या मिरच्या यांनाही सरकारी दाखल्याशिवाय मज्जाव आहे. नारळास मात्र सूट आहे, हे कोकणवासीयांना सुखावणारे! चिवडा, मेतकूट, तीळ-लसणाची चटणी खुशाल न्यावी, पण साऱ्यांचे मिळून वजन दोन किलोंच्या आत असावे. खोलीत फोडणी करण्याचा मोह टाळावा, कारण धुराचा इशारा देणारी घंटा सारे हॉटेल जागे करते. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट आहे. पण आपला जाड तीन खिळ्यांचा प्लग तेथे बसत नाही, आणि इंग्लंडचा व उर्वरित युरोपचाही एक नव्हे. सर्व देशांत चालणारा एक जोड घेतला की झाले. मोबाइलची सुटी बॅटरी हातातील सामानातच ठेवावी लागते.

पैसे व पासपोर्ट यांसाठी बाजारात अनेक पट्टे-पाकिटे मिळतात. आमची शिफारस जुनीच आहे. परकराला किंवा सलवारीला आतून, कमरेखाली, बटणाचा एक चोरखिसा शिवून घ्यावा. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत किंवा रोमच्या गर्दीच्या बसमध्ये खांद्यावरची पर्स कापली जाते. चोरखिसा जात नाही. सोन्याचे मंगळसूत्रही घरी ठेवून साधी काळी पोत घालावी.

आता पेटी. विमान कंपनी तेवीस किलो नेऊ देते म्हणून तेवीस किलो भरावयाचे, हा हिशेब पुरुषांच्या किंवा हमालांच्या भरवशावर केलेला असतो. युरोपात हमाल जवळजवळ नाहीत. व्हेनिस शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत; तेथे पेटीच्या चाकांचा काही उपयोग होत नाही. पॅरिसच्या पुष्कळ भुयारी स्थानकांत उद्वाहन नाही. तेव्हा जिला आपली पेटी उचलता येत नाही, तिला गाडी कोणती पकडावयाची, कोठे उतरावयाचे, हे सारे दुसऱ्याच्या सोयीने ठरवावे लागते. पंधरा किलो ही मर्यादा आपल्या वयाच्या स्त्रीला पुष्कळ झाली. भरलेली पेटी निघण्याच्या चार दिवस आधी आपल्याच घराच्या जिन्याने दोन मजले चढवून पाहावी. दम लागला, तर खाली येऊन ती उघडावी आणि प्रथम दुसऱ्यांच्या वस्तू बाहेर काढाव्यात: भाचीसाठी घेतलेला पाच किलोंचा खाऊ, जावयाचा जादा कोट, यजमानांचे चौथे पुस्तक. ज्याचे त्याने न्यावे. बूट व थर्मल आत राहू द्यावेत. पेटीच्या आत, झाकणाला, आपले नाव, भारतातील व मुक्कामाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद चिकटवावा, कारण बाहेरची चिठ्ठी वाटेत फाटते. आणि मुठीला जुन्या साडीच्या काठाची एक चिंधी बांधून द्यावी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरील शंभर काळ्या पेट्यांत आपली लांबूनच ओळखू येते.