रेघ कुणाची?

"हिरोशिगेची रेघ पाहा," हे वाक्य मुद्राचित्रणाच्या वर्गात आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की ती रेघ त्याचीच का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. मला तो पडला गेल्या पावसाळ्यात, स्वतःची फळी खोदताना. कागदावर सहज ओढलेली पावसाची सर लाकडात उठवायची म्हणजे तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड काढून टाकायचे. माझ्या चारांपैकी तीन सरी तुटल्या.

'एडोची शंभर प्रसिद्ध दृश्ये' ही हिरोशिगेची मालिका १८५६ पासूनची. एडो म्हणजे आजचे टोकियो. तीत शिन-ओहाशी पुलावरचा अवचित पाऊस आहे. १८८७ साली व्हॅन गॉगने त्याची तैलरंगात नक्कल केली. पुलावर लगबगीने चाललेली माणसे, खाली सुमिदा नदीत ओंडक्यांचा तराफा नेणारा एकटा नावाडी, आणि केसासारख्या बारीक असंख्य सरी!

ही चित्रे होत कशी? चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून खोदणारा त्यावरूनच सुरी चालवी. म्हणजे चित्रकाराच्या हातची रेघ तिथेच नाहीशी होई. पुढे रंगांसाठी वेगळ्या फळ्या. छापणारा त्यांवर कुंचल्याने रंग लावून, कागद ठेवून, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घाशी. आकाशात विरत जाणारा काळोख त्याच्या हातचा. चित्रावर नाव हिरोशिगेचे, शिक्का प्रकाशकाचा. खोदणारा आणि छापणारा बहुधा निनावी.

हे मला बोचते. कारण या मालिकेतला नदीकाठ कष्टकऱ्यांचाच आहे. योरोईच्या तरीपलीकडे पांढऱ्या वखारींची रांग, निहोनबाशी पुलापाशी मासळीबाजार. नावाड्याला, कोळ्याला चित्रात जागा मिळाली. चित्र घडवणाऱ्या हातांना मात्र ओळभरही नाही.

कुणी म्हणेल, कल्पना चित्रकाराची, म्हणून नाव त्याचे. मांडणी त्याची, हे मलाही मान्य. पण तुटलेल्या तीन सरी समोर ठेवून 'बाकी सारी हमाली' असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आमच्या वार्षिक प्रदर्शनात माझ्या चित्राखाली माझे एकट्याचेच नाव होते. फळीला रंधा मारून देणारे, छापताना संध्याकाळी उशिरापर्यंत प्रेसपाशी थांबणारे आमचे शिपाईकाका त्या पाटीवर नव्हते. तक्रार कुणाविरुद्ध करू? पाटी मीच लिहिली होती. यंदा तिच्यावर दोन नावे असतील.